नर्मदा मानव: हथनोरा येथील कवटी आणि वर्गीकरणाचा प्रश्न

जबलपूरजवळ भेडाघाट येथे संगमरवरी कड्यांमधून वाट काढणारी नर्मदा पुढे पश्चिमेकडे गाळाच्या विस्तीर्ण मैदानात प्रवेश करते. जबलपूरपासून सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावर, नदीच्या उत्तर तीरावर, सिहोर जिल्ह्यात हथनोरा नावाचे लहानसे गाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी या गावाजवळ मानवी कवटीचा अश्मीभूत भाग आढळला. आधुनिक मानवाच्या पूर्वी भारतीय उपखंडात वावरलेल्या मानवाच्या अस्थीचा हा पहिला पुरावा होय. तो 'नर्मदा मानव' या नावाने ओळखला जातो.

या शोधाला चाळीसहून अधिक वर्षे उलटली, तरी हा मानव नेमका कोणत्या जातीचा होता याविषयी शास्त्रज्ञांमध्ये एकमत झालेले नाही. आतापर्यंत त्याला किमान तीन निरनिराळ्या गटांत घालण्यात आले आहे. हा वाद केवळ नावाचा नाही. आशिया खंडात मानवाचा प्रसार कसा झाला आणि त्यात भारताचे स्थान काय होते, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या एका कवटीच्या ओळखीवर अवलंबून आहे.

नर्मदा खोऱ्यातील जीवाश्मांचा पूर्वेतिहास

नर्मदा खोऱ्यातील जीवाश्मांच्या अभ्यासाचा प्रारंभ जबलपूर येथेच झाला. १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या छावणी परिसरातील बडा सिमला टेकडीजवळ काही मोठी अश्मीभूत हाडे सापडली. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेले अधिकारी ते हेच. ही हाडे डायनोसॉरची होती, हे अर्धशतकानंतर स्पष्ट झाले. रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांना 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले. ज्या खडकांच्या थरात ती होती, त्या थराला जबलपूरजवळच्या लम्हेटा घाटावरून 'लामेटा' असे नाव पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. डायनोसॉर आणि नर्मदा मानव यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. लामेटा थर सहा कोटी साठ लाख वर्षांहूनही जुने आहेत, तर नर्मदा मानवाचा काळ फार तर काही लाख वर्षांपूर्वीचा आहे. एकाच नदीच्या काठावर दोन्ही सापडतात, याचे कारण इतकेच की नदीने कापलेल्या काठांमध्ये अतिशय भिन्न काळांचे थर उघडे पडले आहेत.

१८३० च्या दशकात जबलपूर येथील शल्यचिकित्सक डॉ. स्पिल्सबरी यांनी नर्मदेच्या गाळातून हत्ती, पाणघोडा, गवा अशा प्राण्यांची हाडे गोळा केली आणि कोलकाता येथील एशियाटिक सोसायटीकडे त्यांचे वृत्तांत पाठविले. पुढे या खोऱ्यातील अनेक लुप्त प्राण्यांच्या नावांना 'नामाडिकस' हे पद जोडण्यात आले. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने नर्मदेला दिलेल्या 'नामाडोस' या नावावरून ते घेतलेले आहे.

याच गाळात मानवाच्या अस्तित्वाची चिन्हेही मिळू लागली. १८७० च्या दशकात नरसिंहपूर जिल्ह्यातील भुतरा येथे भूवैज्ञानिक हॅकेट यांना लुप्त प्राण्यांची हाडे असलेल्या थरातच दगडी हत्यार सापडले. १९३५ मध्ये डी टेरा आणि पॅटरसन यांनी या खोऱ्यातील थरांची क्रमवार मांडणी केली. स्वातंत्र्योत्तर काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हे काम पुढे नेले. प्रा. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली महेश्वर परिसरात उत्खनने झाली, तर डॉ. जी. एल. बदाम यांनी मध्य नर्मदा खोऱ्यातील प्राणी-जीवाश्मांचा पद्धतशीर अभ्यास केला. उज्जैनचे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये भीमबेटका येथील शैलाश्रय प्रकाशात आणले. त्यांतील एका आश्रयस्थानाच्या तळाच्या थरांत पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली. मात्र भीमबेटकाची सुप्रसिद्ध चित्रे या हत्यारांहून फार अलीकडची आहेत. ती नर्मदा मानवाने काढली असा समज काही ठिकाणी आढळतो, तो निराधार आहे.

अशा रीतीने शंभरहून अधिक वर्षे हत्यारे मिळत होती, प्राण्यांची हाडे मिळत होती, परंतु हत्यारे घडविणारा मानव मात्र मिळत नव्हता. हथनोरा येथील शोधाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

कवटीचे स्वरूप

ही कवटी पिंडाश्माच्या, म्हणजे वाळू आणि गोटे एकत्र घट्ट चिकटून बनलेल्या खडकाच्या थरात होती. तिचा उजवा भाग बऱ्याच अंशी शाबूत आहे. डाव्या बाजूचा काही भागच शिल्लक आहे. चेहऱ्याची हाडे, दात आणि खालचा जबडा मिळालेला नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण मानवाच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करताना दात आणि चेहरा यांचाच आधार प्रामुख्याने घेतला जातो.

कवटी प्रौढ व्यक्तीची असून ती बहुधा स्त्रीची असावी, असे मत अभ्यासकांनी व्यक्त केले आहे. हाड जाड आहे आणि भुवयांवरील उंचवटा ठळक आहे. ही लक्षणे प्राचीन मानवांशी जुळतात. दुसरीकडे, मेंदूच्या पोकळीचे आकारमान ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर इतके असावे असा अंदाज आहे. 'होमो इरेक्टस' या जातीत ते सर्वसाधारणपणे हजार घनसेंटिमीटरच्या आसपास असते, तर आजच्या मानवात सरासरी साडेतेराशेच्या जवळपास असते. म्हणजे कवटीची ठेवण जुनी आणि मेंदू मोठा, असे संमिश्र रूप येथे दिसते. वादाचे मूळ या संमिश्रतेतच आहे.

याच थरात हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची तोडहत्यारे मिळाली आहेत. ती अश्यूलियन परंपरेची आहेत. सोबत लुप्त हत्ती, पाणघोडे, घोडे आणि गुरे यांचे अवशेष आहेत.

वर्गीकरणाची परिभाषा

पुढील चर्चा समजण्यासाठी काही संज्ञा स्पष्ट असणे इष्ट आहे. जीवशास्त्रात प्रत्येक सजीवाला दोन पदांचे नाव असते. ही पद्धत स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी रूढ केली आणि १७५८ च्या ग्रंथात आजच्या मानवाला 'होमो सेपियन्स' असे नाव दिले. यातील 'होमो' ही प्रजाती आणि 'सेपियन्स' ही जाती. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती हा मोठा गट असून जाती हा त्याच्या पोटातील लहान गट आहे. हिंदीत मात्र 'प्रजाति' हा शब्द मराठीतील जातीसाठी वापरतात आणि वरच्या गटाला 'वंश' म्हणतात. जबलपूरसारख्या हिंदी भाषक नगरांत राहणाऱ्या मराठी वाचकांचा यामुळे गोंधळ होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात मराठी परिभाषा पाळली आहे.

दुसरा गोंधळ 'हॉमिनिड' आणि 'हॉमिनिन' या शब्दांचा आहे. पूर्वी हॉमिनिड म्हणजे मानव आणि त्याचे लुप्त पूर्वज एवढाच अर्थ होता. ओरांगउटान, गोरिला आणि चिंपांझी यांना वेगळ्या कुलात ठेवले जाई. आनुवंशिक अभ्यासातून चिंपांझी हा गोरिलापेक्षा मानवाला अधिक जवळचा असल्याचे दिसून आले, तेव्हा ही विभागणी टिकू शकली नाही. आता हॉमिनिड या संज्ञेत मोठ्या कपींचाही समावेश होतो. मानवाची शाखा चिंपांझीच्या शाखेपासून विभक्त झाल्यानंतर तिच्यात जे जे आले, त्यांना हॉमिनिन म्हणतात. जुन्या लेखांत 'नर्मदा हॉमिनिड' आणि नव्या लेखांत 'नर्मदा हॉमिनिन' असा उल्लेख आढळतो. दोन्हींचा विषय एकच आहे.

तीन मते

पहिले मत शोधकर्त्याचे. सोनकिया यांनी १९८४ मध्ये या कवटीला 'होमो इरेक्टस नर्मदेन्सिस' असे नाव दिले. म्हणजे ती होमो इरेक्टस जातीची, परंतु नर्मदा खोऱ्यातील वेगळी उपजाती मानण्यात आली. होमो इरेक्टसचे पहिले अवशेष १८९१ मध्ये यूजीन दुबॉय यांना जावा बेटावर मिळाले होते. पुढे चीनमध्येही ते मिळाले. आफ्रिका आणि अतिपूर्व आशिया यांच्या दरम्यानच्या वाटेवर भारत असल्याने येथेही तीच जाती असणार, ही अपेक्षा स्वाभाविक होती. फ्रेंच अभ्यासक मारी-आंत्वानेत द ल्युमले यांनी सोनकिया यांच्यासह १९८५ मध्ये याच मताला पाठिंबा दिला.

दुसरे मत १९९१ मध्ये पुढे आले. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी, स्वतः सोनकिया आणि त्यांचे सहकारी यांनी कवटीची फेरतपासणी केली. होमो इरेक्टसशी जुळणारी काही लक्षणे मान्य करूनही, अधिक लक्षणे आद्य होमो सेपियन्सशी जुळतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्यांनी मूळ नाव दिले तेच संशोधक नव्या निष्कर्षात सहभागी होते, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

तिसरे मत 'होमो हायडेलबर्गेन्सिस' या जातीशी निगडित आहे. ही जाती जर्मनीतील माउअर येथे १९०७ मध्ये मिळालेल्या जबड्यावरून १९०८ मध्ये प्रस्थापित झाली. 'आद्य होमो सेपियन्स' ही संज्ञा फार सैल असल्याची टीका होऊ लागल्यावर, त्यातील अनेक जीवाश्म या जातीत घालण्यात आले. डेव्हिड कॅमेरॉन, राजीव पटनाईक आणि अशोक साहनी यांनी २००४ मध्ये केलेल्या तुलनेत नर्मदा कवटीची जवळीक या गटाशी दाखविली. मात्र शीला अत्रेय यांनी २००७ मध्ये मापांच्या आधारे हाच प्रश्न तपासला, तेव्हा ही कवटी कोणत्याही एका जातीत निःसंशयपणे बसत नसल्याचे दिसून आले. म्हणून 'होमो प्रजातीतील, जाती अनिश्चित' असे म्हणणेच अधिक सुरक्षित आहे, असे मानणारा एक वर्ग आहे.

होमो हायडेलबर्गेन्सिस ही जातीच नीट व्याख्या केलेली नाही, अशीही तक्रार आहे. २०२१ मध्ये काही संशोधकांनी ते नाव रद्द करून आफ्रिकेतील जीवाश्मांसाठी 'होमो बोडोएन्सिस' हे नवे नाव सुचविले, परंतु त्यावरही एकमत झाले नाही. ज्या खणात कवटी ठेवायची तो खणच हलता असेल, तर कवटीचे स्थान स्थिर होणे कठीण आहे.

नामकरणाच्या नियमांविषयी एक तपशील येथे महत्त्वाचा ठरतो. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार उपजातीसाठी दिलेले नाव जातीच्या पातळीवरही ग्राह्य असते आणि त्याचे श्रेय व वर्ष कायम राहते. त्यामुळे नर्मदेचा मानव ही स्वतंत्र जाती होती असे उद्या सिद्ध झाले, तर नवे नाव शोधावे लागणार नाही. सोनकिया यांचे १९८४ मधील 'नर्मदेन्सिस' हे पद त्यासाठी उपलब्ध आहे.

कवटीनंतरचे शोध

भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचे अनेक राम सांख्यान यांना पुढील काळात हथनोरा येथे जत्रुकास्थी, म्हणजे गळ्याखालची आडवी हाडे, आणि बरगडीचा तुकडा मिळाला. ही हाडे आखूड असल्याने ती ठेंगण्या पण दणकट बांध्याच्या व्यक्तीची असावीत, असे त्यांचे मत आहे. हथनोरापासून जवळच असलेल्या नेतनखेडी येथूनही मांडीच्या आणि दंडाच्या हाडांचे अवशेष त्यांनी नोंदविले. या आधारावर, या खोऱ्यात दोन वेगळ्या प्रकारचे मानव वावरत असावेत, अशी मांडणी त्यांनी केली आहे. ही हाडे आणि कवटी एकाच समूहातील आहेत की नाहीत, हे ठरविणे अवघड आहे. त्यामुळे ही मांडणी अद्याप सर्वमान्य झालेली नाही.

वयाचा प्रश्न

वर्गीकरणाइतकाच वयाचा प्रश्नही अनिर्णित आहे. प्रारंभी सोबतच्या प्राण्यांवरून ही कवटी मध्य प्लाइस्टोसीन काळातील मानण्यात आली. हा काळ सुमारे सात लाख सत्तर हजार ते एक लाख तीस हजार वर्षांपूर्वीचा आहे. २००९ मध्ये राजीव पटनाईक आणि सहकाऱ्यांनी हथनोरा येथील प्राण्यांच्या दातांच्या कालमापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतून किमान वय सुमारे पन्नास हजार वर्षे इतके खाली येऊ शकते, असे दिसले.

अंदाजांत एवढी तफावत असण्याचे कारण नदीच्या स्वभावात आहे. पिंडाश्म हा पुराच्या प्रवाहाने साचविलेला थर असतो. प्रवाह जुने काठ फोडतो, त्यांतील हाडे आणि हत्यारे उचलतो आणि नव्या गाळात मिसळतो. त्यामुळे एकाच थरातील दोन वस्तू एकाच काळातील असतीलच असे नाही. बैलाच्या दाताचे वय निघाले, म्हणजे शेजारच्या कवटीचे वय निघाले, असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना अशाच एका वादाची माहिती असेल. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थरालगत अश्यूलियन हत्यारे मिळाली. ती राख सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर झालेल्या टोबा उद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, याविषयी दीर्घकाळ मतभेद राहिले. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील अश्यूलियन हत्यारे मात्र दहा लाख वर्षांहून जुनी असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. भारतात प्राचीन मानवाचा वास दीर्घकाळ होता, हे हत्यारांवरून निश्चित आहे. तो मानव कोण होता, हे सांगण्यासाठी मात्र नर्मदेच्या काठावरील मोजकीच हाडे उपलब्ध आहेत.

रामापिथेकसचा धडा

अपुऱ्या अवशेषांवरून घाईने निष्कर्ष काढल्यास काय होते, याचे उदाहरण भारतीय उपखंडातच आहे. १९३२ मध्ये जी. एडवर्ड लुईस यांना शिवालिक टेकड्यांत जबड्याचा तुकडा मिळाला. त्यांनी त्याला 'रामापिथेकस' असे नाव दिले. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी तो मानवाचा सर्वांत जुना पूर्वज असल्याचे प्रतिपादन केले आणि शाळा-महाविद्यालयांच्या पुस्तकांत त्याला स्थान मिळाले.

१९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातील प्रथिनांच्या तुलनेवरून मानव आणि चिंपांझी यांची फारकत केवळ सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी झाल्याचे मांडले. तसे असेल, तर एक कोटी वर्षांहून जुना रामापिथेकस मानवाच्या शाखेत येऊच शकत नव्हता. पुढे पाकिस्तानातील पोठवार पठारावर 'शिवापिथेकस' या कपीचा चेहरा मिळाला. तो ओरांगउटानशी जुळणारा होता. पिलबीम यांनी १९८२ मध्ये आपले पूर्वीचे मत सोडून दिले. रामापिथेकस आता शिवापिथेकस प्रजातीतच समाविष्ट केला जातो. ज्या वर्षी हा पूर्वज भारताच्या हातून गेला, त्याच वर्षी हथनोरा येथील कवटी सापडली, हा योगायोग लक्षणीय आहे.

जागतिक संदर्भ

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मानवाच्या लुप्त नातलगांची यादी वाढली आहे. इंडोनेशियातील ठेंगणा 'होमो फ्लोरेसिएन्सिस' २००४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील 'होमो नालेदी' २०१५ मध्ये आणि फिलिपिन्समधील 'होमो लुझोनेन्सिस' २०१९ मध्ये जाहीर झाला. २०१० मध्ये सायबेरियातील डेनिसोव्हा गुहेत मिळालेल्या बोटाच्या हाडातील डीएनएवरून 'डेनिसोव्हन' हा पूर्वी अज्ञात असलेला समूह ओळखला गेला. या संशोधनाचे प्रणेते स्वांते पेबो यांना २०२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डेनिसोव्हन मानवाचा चेहरा मात्र दीर्घकाळ अज्ञात होता. चीनमधील हार्बिन येथील जाड हाडाची, मोठ्या मेंदूची आणि ठळक भुवईची कवटी २०२१ मध्ये 'होमो लाँगी' या नावाने प्रसिद्ध झाली. २०२५ मध्ये तिच्यातील प्रथिने आणि डीएनए यांवरून ती डेनिसोव्हन असल्याचे जाहीर झाले. यामुळे आशियातील वर्गीकरण अनिश्चित असलेल्या सर्व कवट्यांकडे नव्या दृष्टीने पाहिले जात आहे. नर्मदा कवटी त्यांपैकीच एक होय. ती याच समूहातील होती असा पुरावा नाही. परंतु इरेक्टस, सेपियन्स आणि हायडेलबर्गेन्सिस या जुन्या पर्यायांखेरीज चौथा पर्याय आता विचारात घ्यावा लागतो.

अडचण अशी की, उष्ण प्रदेशातील जीवाश्मांत डीएनए टिकणे अवघड असते. प्रथिने त्याहून अधिक काळ टिकतात, पण ती प्रामुख्याने दातांच्या कठीण आवरणात मिळतात. हथनोरा येथील कवटीसोबत दात मिळालेले नाहीत.

नर्मदा मानव आपला पूर्वज होता काय?

हा प्रश्न सर्वसामान्य वाचक प्रथम विचारतो. उपलब्ध पुराव्यावरून त्याला होकारार्थी उत्तर देता येत नाही. आजच्या भारतीयांचा आनुवंशिक वारसा, जगातील अन्य आफ्रिकेतर लोकांप्रमाणेच, मुख्यतः आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या होमो सेपियन्सकडून आलेला आहे. त्यात निअँडरथल मानवाचा लहानसा अंश असून डेनिसोव्हन मानवाचा त्याहूनही अल्प अंश आढळतो. नर्मदा मानवाच्या समूहाने या वारशात भर घातली की तो समूह वंशज न ठेवता नष्ट झाला, हे आज सांगता येत नाही. त्याला 'पहिला भारतीय' म्हणणे वर्तमानपत्री मथळ्यापुरते ठीक असले, तरी शास्त्रीय विधान म्हणून ते स्वीकारता येणार नाही.

पुढील संशोधनाची दिशा

दात किंवा जबडा मिळाल्याखेरीज वर्गीकरणाचा वाद मिटण्याची शक्यता कमी आहे, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. असे अवशेष काठाच्या थरांतच मिळू शकतात. हे थर दर पावसाळ्यात पुराने झिजतात. काठ खणले गेल्यास अवशेष मूळ जागेवरून हलतात आणि जागा हरवलेला जीवाश्म आपले निम्मे मोल गमावतो. थर कोणता, खोली किती, सोबत काय होते, या नोंदींशिवाय वय ठरविता येत नाही. म्हणून नदीकाठी जड, दगडासारखे झालेले हाड दिसल्यास ते उचलून न आणता जागा लक्षात ठेवून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला अथवा जवळच्या विद्यापीठाला कळविणे हेच उचित होय.

महत्त्वाचे टप्पे

१८२८: जबलपूर येथे स्लीमन यांना डायनोसॉरची हाडे सापडली.
१८३० चे दशक: स्पिल्सबरी यांनी नर्मदेच्या गाळातील प्राणी-जीवाश्म गोळा केले.
१९३५: डी टेरा आणि पॅटरसन यांनी नर्मदा खोऱ्याचा अभ्यास केला.
१९८२: हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना कवटी सापडली.
१९८४: 'होमो इरेक्टस नर्मदेन्सिस' हे नाव देण्यात आले.
१९९१: केनेडी, सोनकिया आणि सहकाऱ्यांनी आद्य होमो सेपियन्सचा पर्याय मांडला.
२००४: होमो हायडेलबर्गेन्सिसशी जवळीक असल्याचे प्रतिपादन झाले.
२००७: एका जातीत निश्चित वर्गीकरण शक्य नसल्याचे शीला अत्रेय यांनी दाखविले.
२००९: प्राण्यांच्या दातांच्या कालमापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.
२०२५: हार्बिन कवटी डेनिसोव्हन असल्याचे जाहीर झाले आणि आशियातील अनिश्चित कवट्यांच्या फेरविचाराला चालना मिळाली.